ड्रमवर एअर मोटर बसवा, वेसलवर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत थिनर आणि प्रायमर बनवणारं एक छोटं युनिट. टोल्युइन, झायलीन आणि एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) ही सॉल्व्हंट रोजच्या वापरात. २०० लिटरच्या ड्रममध्ये ढवळायला १ एचपीचा हलता स्टरर आहे, दिवसाला चार-पाच ड्रम, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. शिवाय १००० लिटरच्या एका वेसलवर, म्हणजे जागेवर पक्क्या टाकीवर, ३ एचपीचा अॅजिटेटर, तो रोज सहा-सात तास चालतो. दोन्हीवर साध्या मोटरी आहेत आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने नेमकं त्यावर बोट ठेवलंय. व्हेंडरचं म्हणणं, दोन्हीकडे एअर मोटर, म्हणजे दाबाच्या हवेवर फिरणारी मोटर, टाका, वीजच नाही तर ठिणगी कुठली, विषय संपला. १० एचपीचा पिस्टन कंप्रेसर आधीपासून आहे. तर बदलावं का, आणि खरंच विषय संपतो का?

ड्रमसाठी हो. वेसलसाठी नाही. विषय मात्र संपत नाही.

पण त्याआधी, त्या साध्या मोटरी आजच बंद करा. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, ४ अंश सेल्सिअस आहे. हवेत त्याची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असली की ती पेट घेऊ शकते. अर्धवट भरलेल्या बंद ड्रममध्ये द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत हे प्रमाण २० अंशांना तीन टक्क्यांच्या आसपास असतं, ३० अंशांना पाचच्या. म्हणजे नाशिकच्या हवेत, डिसेंबरातल्या सकाळपासून पावसाळ्यातल्या दुपारपर्यंत, वर्षातला बराच काळ ड्रमच्या आतली हवा बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात असते. पेट्रोलच्या टाकीत वाफ एवढी दाट असते की आत सहसा भडका उडत नाही. टोल्युइन त्या बाबतीत जास्त खोडसाळ. आणि तुमची हलती मोटर सिंगल फेजची असेल तर तिच्या आत बहुधा सेंट्रिफ्युगल स्विच असतो. तो दर वेळी चालू होताना आणि थांबताना ठिणगी टाकतो, ड्रमच्या तोंडापासून दोन फुटांवर. सर्व्हेअर उगाच बोलला नाही.

आता मोटरीकडे येऊ. तुमच्या मापात व्हेन टाइप एअर मोटर येते. गोल पोकळीत मध्यापासून सरकवून बसवलेला रोटर, रोटरच्या खाचांत मागेपुढे सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे व्हेन. हवा एका बाजूने आत येते, व्हेनला ढकलत मोठ्या होत जाणाऱ्या जागेकडे जाते आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडते. वाइंडिंग नाही, ब्रश नाही, टर्मिनल बॉक्स नाही. वर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, त्यामुळे चालू असताना सॉल्व्हंटची वाफ आत शिरायला वाव नाही. पिस्टनच्या एअर मोटरीही असतात. कमी स्पीडला त्यांचा जोर दांडगा असतो, पण त्या जड आणि महाग. खाणीतल्या होइस्टवर त्या शोभतात, २०० लिटरच्या ड्रमवर नाही.

या मोटरीचा स्वभाव इलेक्ट्रिकपेक्षा वेगळा आहे आणि तो समजून घेतला नाही तर पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते. लोड वाढला की ती आपोआप मंदावते आणि तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढत जातो. लोड काढला की सुसाट सुटते. सगळ्यात जास्त पॉवर मोकळ्या स्पीडच्या साधारण निम्म्यावर मिळते. पूर्ण अडली तर नुसती उभी राहते. हवा चालू असली तरी जळत नाही, तापत नाही, अडथळा काढला की पुन्हा फिरायला लागते. प्रायमरमध्ये तळाशी पिगमेंट बसून गोळा झालेला असतो तेव्हा हा गुण सोन्यासारखा. फक्त एक लक्षात ठेवा. सुरू होतानाचा टॉर्क हा अडल्यावरच्या टॉर्कपेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी असतो आणि व्हेन कुठल्या जागी थांबल्यात त्यावर तो थोडा बदलतो. कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा आकडा बघून मोटर निवडली की ती कधी सुटते, कधी सुटत नाही, आणि ऑपरेटर हाताने पंखा फिरवून द्यायला लागतो. ते बघायची वेळ येऊ देऊ नका. एक माप मोठी घ्या आणि हवा कमी सोडा.

मग फ्लेमप्रूफ मोटर का नको? ती वाईट मुळीच नाही. फ्लेमप्रूफमध्ये आत भडका होणारच नाही असं गृहीत धरलेलं नसतं. झालाच तर जाड बॉडी तो सोसते आणि फ्लॅंजच्या अरुंद फटीतून बाहेर येताना ज्योत गार होऊन विझते, अशी ती रचना आहे. ती बोल्ट, ग्लॅंड आणि फ्लॅंजच्या पृष्ठभागावर टिकून असते. आपल्याकडच्या छोट्या युनिटमध्ये मी काय बघतो? मोटर फ्लेमप्रूफ, केबल ग्लॅंड साधा पितळी. टर्मिनल बॉक्सच्या चारपैकी तीन बोल्ट. कुणीतरी पाणी जाऊ नये म्हणून फ्लॅंजवर सिलिकॉन फासलेलं. मोटरशेजारी भिंतीवर घरगुती स्विच. कागदावर सुरक्षा पूर्ण, प्रत्यक्षात शून्य. त्यात तुमचा स्टरर हलता आहे, म्हणजे केबल रोज जमिनीवरून ओढली जाणार, तिच्यावरून ड्रमची ट्रॉली जाणार. हलत्या कामाला, सॉल्व्हंटच्या खोलीत, मी एअर मोटरच्याच बाजूने आहे. तिच्यात फिटरच्या हातून बिघडण्यासारख्या जागा कमी.

आता हवेचा हिशोब, कारण नव्वद टक्के निराशा इथूनच येते. ६ बारला व्हेन मोटर दर एचपीला ढोबळ ३० ते ३५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा खाते. कंप्रेसर ७ बारला दर एचपीला साधारण ४ सीएफएम देतो. म्हणजे शाफ्टवर १ एचपी मिळवायला कंप्रेसरवर सात-आठ एचपी खर्ची पडतात. तुमचा १० एचपीचा कंप्रेसर ४० सीएफएम देतो असं धरलं तर एक ड्रम स्टरर आणि थोडं काहीतरी किरकोळ, एवढंच त्यावर एका वेळी चालेल. शेजारी स्प्रे गन सुरू झाली की स्टरर मलूल होणार. त्यातही नेमप्लेट नीट वाचा. पिस्टन कंप्रेसरवर बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंट लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्या सत्तर-पंच्याहत्तर टक्के. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे कंप्रेसर ओढतो ती हवाच मुंबईच्या मानाने सहा-सात टक्के विरळ. हे आकडे छोटे वाटतात, पण एकावर एक चढले की ४० चे २६-२७ होतात.

चांगली बाजू अशी की थिनर ढवळायला १ एचपी लागतच नाही. पंख्याला लागणारी पॉवर स्पीडच्या घनाने बदलते. स्पीड निम्मा केला तर पॉवर एक अष्टमांश. आज तुमचा स्टरर १४४० आरपीएमच्या मोटरीला थेट जोडलेला आहे म्हणून १ एचपीची सवय झालीय. जरा मोठ्या व्यासाचा पंखा, ३०० ते ४०० आरपीएम, आणि अर्धा एचपी, एवढ्यावर थिनर छान मिसळतो. प्रायमरला जास्त जोर लागेल, त्यासाठी मोठं माप आणि गिअर हेड असलेली मोटर घ्या. हळू ढवळण्याचा दुसरा फायदा म्हणजे स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, कमी साठते. तिच्याबद्दल खाली येईलच.

लाइनकडे बघताना एकच गोष्ट करा. मोटरीच्या अगदी तोंडाशी एक टी लावून तिथे गेज बसवा आणि मोटर लोडवर चालू असताना वाचा. भिंतीवरच्या एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटरच्या संचाचा) गेज ६ दाखवतो, मोटर बंद असताना मोटरीचा गेजही ६ दाखवेल. चालू केली की तोच काटा ४ वर येऊन थरथरत बसतो. ४ बारला मोटरीची पॉवर ६ बारच्या तुलनेत निम्म्याच्या जरा वर उरते. व्हेंडरला फोन जातो, मोटर बोगस आहे म्हणून. दोष असतो १५ मीटर लांब ८ मिमीच्या निळ्या पीयू ट्यूबचा आणि दोन क्विक कपलरचा. अर्ध्या इंचाचा, अॅंटिस्टॅटिक होज वापरा, जमेल तितका आखूड. स्पीड कमी-जास्त करायला रेग्युलेटरला हात लावू नका, त्याने टॉर्कही उतरतो. आत जाणाऱ्या हवेवर नीडल किंवा बॉल व्हॉल्व्ह लावून प्रवाह आवळा. मोकळा स्पीड खाली येतो, पण अडल्यावरचा जोर बराचसा शाबूत राहतो. आणि लाइनमधली गळती शोधा. ३ मिमीच्या एका छिद्रातून ७ बारला २० सीएफएमच्या वर हवा जाते. म्हणजे तुमचा अर्धा कंप्रेसर.

पाणी. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ५० सीएफएमचा कंप्रेसर आठ तासांच्या शिफ्टमध्ये हवेबरोबर दहा-बारा लिटर पाणी गाळतो. रिसीव्हरचा ड्रेन रोज सोडला नाही तर ते पाणी लाइनमध्ये आणि तिथून व्हेनच्या खाचांत जातं. गंज धरला की व्हेन अडकते, मोटर एका जागी सुरू होते आणि दुसऱ्या जागी होत नाही. उलट टोक थंडीचं. हवा प्रसरण पावताना गार होते, एक्झॉस्ट शून्याच्या खाली सहज जातो, आणि ओली हवा असली की सायलेन्सरच्या जाळीवर बर्फ धरतो. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो त्या दिवसांत हे हमखास. फिटर मोटर खोलतो तोवर बर्फ वितळलेला असतो आणि त्याला काहीच सापडत नाही. रेफ्रिजरेटेड ड्रायर घेतलात तर त्याचा दवबिंदू दाबाखाली ३ अंशांच्या आसपास मिळतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्यांना तेवढा पुरतो. सायलेन्सर दर महिन्याला काढून धुवा. तो तेल-धुळीने तुंबला की मागचा दाब वाढून पॉवर जाते आणि सगळे दोष कंप्रेसरला देतात.

तेल विसरू नका. लुब्रिकेटरमधून मिनिटाला एखादा थेंब, हलकं तेल. तुमच्या मालाला तेलाचा अंश चालत नसेल तर विनातेल चालणाऱ्या व्हेनची मोटर मिळते, पण त्यात पॉवर कमी मिळते आणि व्हेन लवकर झिजतात.

आता "विषय संपला" याबद्दल. एअर मोटरने एक ठिणगी काढून टाकली, विजेची. बाकीच्या जागच्या जागी आहेत.

सगळ्यात मोठी स्टॅटिकची. टोल्युइन, झायलीन, एमटीओ ही तिन्ही विजेची अत्यंत मंद वाहक. ढवळताना, ओतताना त्यांच्यात चार्ज साठतो आणि लवकर उतरत नाही. टोल्युइनची वाफ पेटवायला मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्शाएवढी ऊर्जा पुरते. माणसाच्या बोटातून दाराच्या कडीला जो झटका बसतो त्यात याच्या कित्येक पट ऊर्जा असू शकते. म्हणून ड्रम, स्टररचा स्टॅंड, मोटरची बॉडी आणि ओतायची बादली, सगळं एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं हवं. साध्या मोटरीला केबलमधून अर्थ वायर तरी यायची. एअर मोटर रबरी होजवर लटकते, तिला आपोआप अर्थिंग मिळत नाही. नेमकं मोटर बदलल्यावर अर्थिंग जातं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. क्लॅम्प टोकदार दातांचा घ्या, जो रंगाचा थर फोडून पत्र्यापर्यंत पोचेल. मगरीच्या तोंडाचा बॅटरी क्लिप रंगलेल्या ड्रमच्या कडेला नुसता टांगलेला असतो, त्याचा उपयोग दिसण्यापुरता. मीटर लावून १० ओहमच्या आत येतंय का बघा, दर महिन्याला. प्लास्टिकच्या ड्रममध्ये हे सॉल्व्हंट ढवळायचे नाहीत, तिथे क्लॅम्प लावायला जागाच नाही. भरताना पाइप तळापर्यंत न्या, वरून धार सोडू नका, आणि पाइपचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. पिगमेंटची प्लास्टिक अस्तराची गोणी उघड्या तोंडातून झटकून ओतणं, हे माझ्या मते तुमच्या खोलीतलं सगळ्यात धोकादायक काम आहे. मोटरपेक्षाही.

दुसरी घासण्याची. पंखा ड्रमच्या तळाला किंवा बाजूला लागला तर ठिणगी पडायला वीज लागत नाही. मोटर बाहेर असते, झोन १ मध्ये, जिथे पेटणारी वाफ अधूनमधून असू शकते. पंखा आणि शाफ्टचं खालचं टोक ड्रमच्या आत, म्हणजे झोन ० मध्ये, जिथे ती सतत किंवा बराच काळ असते. व्हेंडरचं सर्टिफिकेट मोटरीचं असतं, पंख्याचं नाही. स्टॅंड असा हवा की शाफ्ट हलणार नाही आणि खाली उतरायला स्टॉपर असेल. ऑपरेटरने हातात धरून ढवळायची पद्धत असेल तर ती आजपासून बंद.

तिसरी सुसाट सुटण्याची. स्टरर चालू असतानाच ड्रममधून वर काढला की लोड जातो आणि मोटर मोकळ्या स्पीडला पळते. बेअरिंग आणि व्हेन गरम होतात, बाहेर काढलेला पंखा थिनरचे तुषार खोलीभर उडवतो. स्टॅंडवर असा व्हॉल्व्ह लावा की हात वर नेला की हवा बंद. स्प्रिंगचा, दाबून धरायचा. हजार-दोन हजारांचं काम आहे. सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावायचा मोह झाला तर लक्षात घ्या, त्याची कॉइल विजेची आहे. ती एक्स सर्टिफिकेटची, म्हणजे पेटणाऱ्या वाफेत वापरायला मान्य असलेली, घ्यावी लागेल, नाहीतर खोलीबाहेर ठेवा. कंप्रेसर खोलीबाहेर हवाच, आणि त्याचा सक्शन फिल्टर सॉल्व्हंटच्या खोलीच्या एक्झॉस्ट फॅनपासून लांब. तसंच मोटरीचा एक्झॉस्ट ड्रमच्या तोंडाकडे फुंकता कामा नये, वाफ खोलीभर पसरते. पिठाच्या किंवा साखरेच्या कारखान्यात तर हाच एक्झॉस्ट खाली साचलेली धूळ उडवून पेटण्याजोगा ढग तयार करतो. तिथे तो पाइपने बाहेरच नेतात. तुमच्याकडेही नेता येईल, मात्र पाइप मोटरीच्या पोर्टपेक्षा एक माप मोठा ठेवा.

मोटर घेताना प्लेट मागा, ब्रोशर नाही. युरोपातून आलेल्या मोटरीवर षट्कोनातली एक्स खूण असेल, स्फोटक हवेतल्या यंत्रांसाठीच्या २०१४ च्या ३४ क्रमांकाच्या अॅटेक्स या युरोपीय निर्देशाखालची. झोन १ साठी २जी श्रेणी. विजेविना चालणाऱ्या यंत्रांसाठीचं मानक आयएसओ ८००७९-३६ आणि ३७, त्याची ओळख म्हणून 'एक्स एच' लिहिलेलं असतं. शेवटी तापमानाचा वर्ग. टोल्युइन आणि झायलीन टी१ मध्ये बसतात, म्हणजे पृष्ठभाग ४५० अंशांपर्यंत चालतो. पण एमटीओ टी३ मध्ये, मर्यादा २०० अंश. म्हणून टी३ किंवा त्याहून कडक, टी४ असेल तर उत्तम. गिअर हेड वेगळं घेतलं असेल तर त्याचीही प्लेट. नुसतं "एअर मोटर आहे म्हणजे सेफ" असं पत्र लेटरहेडवर देणाऱ्या व्हेंडरला नमस्कार करा. आपल्याकडे अशा जागेतल्या विजेच्या उपकरणांना पेसोची मान्यता लागते. पेसो म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षिततेची केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. एअर मोटरला विजेची ती मान्यता लागू होत नाही, पण म्हणून जागेचे नियम टळत नाहीत. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली, म्हणजे पेट्रोलियमच्या नियमांत तो क्लास ए. ३० लिटरच्या वर साठ्याला लायसन्स लागतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी श्रमसंहिता येईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३७ स्फोटक वाफेबद्दलच होतं. सर्व्हेअरला उत्तर देताना झोनचा नकाशा जोडा. आयएस ५५७२ प्रमाणे तो काढून देणारे सल्लागार मिळतात.

राहिलं वेसल. ३ एचपी म्हणजे ९० ते १०० सीएफएम, म्हणजे फक्त तेवढ्यासाठी २५ एचपीचा कंप्रेसर. इलेक्ट्रिक मोटर पूर्ण लोडला तासाला अडीच-पावणेतीन युनिट घेईल. एअर मोटरसाठी कंप्रेसर अठरा-वीस युनिट घेईल. सहा तासांचे शंभरच्या वर युनिट, रोज. महावितरणचा दर तुमच्या बिलातला घाला आणि वर्षाचा आकडा काढा, त्यात फ्लेमप्रूफ गिअर्ड मोटर आरामात येते. वेसल जागेवर पक्कं आहे, केबल कुणी ओढत नाही, लोड कायम आहे. इथे पेसोमान्य फ्लेमप्रूफ मोटर, फ्लेमप्रूफ ग्लॅंड, स्टार्टर खोलीबाहेर, आणि स्विच लावायचाच असेल तर तोही फ्लेमप्रूफ. व्हीएफडी (स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) टाकायचा विचार असेल तर ती मोटर व्हीएफडीवर चालवायला मान्य आहे का ते सर्टिफिकेटमध्ये बघा. हळू फिरताना तिचा पंखाही हळू फिरतो आणि बॉडी तापते, सगळ्याच मोटरींना ते मंजूर नसतं. शाफ्ट सील कोरडं चालू देऊ नका आणि पंखा द्रवाच्या वर उघडा पडेल इतकी पातळी खाली गेली की मोटर थांबेल असा लेव्हल स्विच घ्या, तोही त्या झोनला चालणारा.

ड्रमसाठी ऑर्डर देताना व्हेनचा एक जादा सेट आणि सील किट सोबतच घ्या. पाच-सहाशे तास चालल्यावर एकदा मोटर खोलून व्हेनची उंची मोजा. कंपनीने दिलेल्या किमान मापाखाली गेली की सगळ्या एकदम बदला, एक-दोन नाही.